कंसातील सूचनेप्रमाणे

एकतीस वर्षं बार्शीच्या शाळेत
मी इंग्रजी वाक्यं बदलायला शिकवली.
होकारार्थीचं नकारार्थी, उद्गारार्थीचं विधानार्थी,
'टू' काढा, 'सो दॅट' घाला,
आणि अर्थाला धक्का लागता कामा नये.
मागच्या बाकावरचा इनामदार
तेवढं सोडून सगळं करायचा.

आता केटरिंगमध्ये, लेकाच्या स्वयंपाकघरात.
खिडकीबाहेर तीन रंगांची कचऱ्याची पिंपं
आणि कुंपणावरून शेजारची डोरीन:
छान ऊन आहे, नाही का?
ऊन तर समोर पडलंय,
तिच्या हातांवर, माझ्या वाळत घातलेल्या परकरांवर,
तरी विधानाला शेपूट प्रश्नाचं.
बसमध्येही आज्ञार्थ ऐकू येत नाही कुणाचा.
जरा पुढे सरकायला हरकत तर नाही ना तुमची?
आहे म्हटलं तर काय करतील,
हे अजून करून पाहिलेलं नाही.

सोमवारी मकरंदला पत्र आलं.
एक पान, दोन घड्या.
इतर पत्रांसारखं त्याने ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलं नाही,
तेव्हाच कळलं.
तो अंघोळीला गेल्यावर मी वाचलं,
आधी चष्म्याशिवाय, मग चष्मा लावून.
निर्णय घेण्यात आला आहे.
पद रद्द करण्यात आले आहे.
आपल्या योगदानाची नोंद घेण्यात आली आहे.
तीन वाक्यं, तीन 'हॅज बीन',
आणि कर्ता कुठेच नाही.
'बाय'च्या पुढची जागा मोकळी सोडली
की मी अर्धा गुण कापायचे.
इथे कुणाचा कापू?
लाल पेन शोधलं मात्र. ड्रॉवरमध्ये नव्हतं.

रात्री बार्शीहून ह्यांचा फोन.
'काही विशेष नाही, बाबा,' मकरंद म्हणाला.
नकारार्थी वाक्य. होकारार्थी करा,
अर्थ न बदलता.
मी गॅसकडे तोंड करून उभी राहिले.

फोन ठेवून तो वळला.
'आई, तू पत्र वाचलंस?'
'वाचलं गेलं,' मी म्हणाले.
सोमवारनंतर पहिल्यांदा हसला,
नाकातून, थोडंसं,
दहावीत चूक सापडल्यावर हसायचा तसं.

पिठलं निवत होतं.
'जेव,' म्हटलं.
एका शब्दाचं वाक्य.
ह्यातही कर्ता गाळलेलाच,
पण समोर बसलेला,
भाकरी मोडत.