उतारावर

दाभोळच्या उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला
आणि गाडी कमवायला लागली.
पडद्यावर हिरवी पट्टी एकेक घर वर सरकत होती.
"बघ," नंदन म्हणाला, "खाली जाताना भरतेय."
मी बघितलं नाही. वळण होतं,
वळणावर म्हैस,
तिला आमची चाहूलच लागली नव्हती.

फेरीबोटीवर चढवताना मुकादमांचा पोरगा धावत आला,
"म्याडम, बंद पडली काय ओ?"
चालू आहे म्हटलं.
त्यानं बोनेटवर हात ठेवून पाहिला,
ताप बघतात तसा.

जुन्या डिझेलच्या घरघरीत
एकोणीस वर्षं आम्ही मोठ्यानं बोललो
किंवा बोललोच नाही. दोन्ही खपून जायचं.
आता धोपाव्याच्या पुढे, काजूंमधून
बॅटरीवर हळूहळू जाताना
मागच्या सीटवरचा डबा वाजतो,
आणि त्याचा श्वास,
नाकातून, बारीक शिट्टीसारखा.
हे कधीपासून?

विचारलं नाही.
तेवढ्यात चढ लागला, इंजिन जागं झालं,
आणि मला, खरं सांगते, हायसं वाटलं.

हेदवीपर्यंत अजून दोन उतार आहेत.