तिसरी किल्ली

चाळीस वर्षं मी लिंझमध्ये किल्ल्या कापल्या,
स्टेशनमागच्या गल्लीत, बुटांना टाचा ठोकणाऱ्याच्या शेजारी.
लोक यायचे, खिशातून घर काढून
माझ्या तळहातावर ठेवायचे
आणि समोरच्या बेकरीत जाऊन उभे राहायचे.
पाच मिनिटं अख्खं घर माझ्याकडे.
मी कुणाचीही तिसरी किल्ली केली नाही.
पितळेचा भुगासुद्धा झटकून टाकायचे
पुढचं गिऱ्हाईक आत यायच्या आधी.
ओटोकार हसायचा, तुला कोण विचारणार आहे?
कोणी विचारणार नव्हतं, म्हणूनच.

मग हातात फोन आला. दर पानावर एक चौकट:
मान्य आहे?
केक ओव्हनमध्ये, चष्मा सापडत नाही,
मान्य. मान्य. मान्य.

नात म्हणाली, कायदा आहे, मागून घे.
बेनेडिक्टा ग्राझला वकिली शिकते, तिनंच पत्र लिहिलं.
दोन स्मरणपत्रांनंतर पाकीट आलं,
जन्मात नाव न ऐकलेल्या कंपनीकडून.
तीनशे बारा पानं, सगळी मी.

रात्री जागणारी. घरात मांजर.
(मांजर शेजारच्या हाल्मिखचं. मी फक्त त्याचा खाऊ मागवते.)
ऐकू कमी येतं. हेही त्याचंच,
यंत्र मी त्याच्यासाठी शोधत होते.
बुटाचं माप बरोबर. गुडघे बरोबर.
प्रवासाची इच्छा: मध्यम.
इथे मी चष्मा काढून जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं.
मध्यम.

पान दोनशे सहा. मार्च महिना.
नुसते आकडे, अक्षांश, रेखांश, वेळ.
बेनेडिक्टानं नकाशावर ठिपके मांडले:
इस्पितळ, इस्पितळ, इस्पितळ,
अकरा रात्री एकाच जागी साचलेले,
डब्यातल्या बटणांसारखे.
मग शेवटच्या पहाटे एक ठिपका बाहेर पडतो.
चार वाजून पाच. नदीच्या अलीकडचा पेट्रोलपंप.
चार एक्केचाळीसला अजून तिथेच.

तो गेला सव्वाचारला.

मी सगळ्यांना सांगितलंय, त्याचा हात माझ्या हातात होता.
पाद्र्याला सांगितलं, त्याच्या बहिणीला,
बेनेडिक्टाला, तेव्हा ती सोळा वर्षांची.
इतक्यांदा सांगितलं
की त्या बोटांचा गारवाही आता आठवतो मला.
पंपावर मी कॉफी घेतली, गाडीत बसले
आणि फोनवर पत्ते खेळत राहिले.
फुकटचा खेळ. मधेमधे जाहिराती.

बेनेडिक्टाचं बोट ठिपक्यावर थांबलं.
काही न विचारता तिनं पान उलटलं.
पुढे नवा रकाना, तारीख दोनच दिवसांनंतरची:
घरात एकटी.
विकली एकोणीस जणांना.
त्या आठवड्यात फोनवर एकेरी पलंग दिसू लागले होते,
मी म्हटलं होतं, योगायोग.

पुसायला लावता येतं, ती म्हणाली.
अर्ज तयार आहे, फक्त सही.
तो तीन दिवस फळांच्या टोपलीखाली पडून राहिला.
पुसलं, तर त्या छत्तीस मिनिटांतलं
माझं खोटंच तेवढं उरणार.
ठेवलं, तर माझं खरं
एकोणीस परक्यांच्या खिशात.

शनिवारी फोन ड्रॉवरमध्ये ठेवला,
सही केलेला अर्ज पोस्टात टाकला
आणि ग्राझची गाडी पकडली.
ती वसतिगृहाच्या पायरीवर बसली होती, ओले केस.
मी शेजारी बसले. बराच वेळ बूट बघितले.
मग म्हटलं,
कॉफी पाणचट होती, बेनेडिक्टा.