निरंक

झेरॉक्सच्या मशीनवर कोणाचं काही वाचायचं नाही,
हा माझा नेम.
पण हर्षलच्या फॉर्मच्या प्रती काढताना लाइन गेली,
अर्धा कागद आत, अर्धा बाहेर,
आणि बाहेरच्या अर्ध्यावर तो रकाना:
आपणांवर कोणाचे कर्ज वा देणे आहे काय? असल्यास तपशील.
समोर त्याच्या वळणदार अक्षरात
निरंक.

लाइन येईपर्यंत मी त्या शब्दाकडे बघत बसले.
आमच्या बोलण्यात येत नाही तो.
फक्त कागदावर राहतो.

डेपोत सहा वर्षं पेट्या उचलतो हर्षल, कंत्राटी.
आता कायमचं काम, आतल्या गेटच्याही आत,
जिथं मोबाईल बाहेर ठेवावा लागतो
आणि आज काय मोजलं
ते घरी आईलाही सांगता येत नाही.

आठ दिवसांनी वर्ध्याहून ढबाले साहेब आले.
कपडे साधे, बूट मात्र खात्याचे.
चहा नको म्हणाले, मग घेतला.
"पोट्टा कसा हाय?"
चांगला हाय.
"पिते-बिते?"
मारबतीच्या दिवशी. थोडी.
"कोणाचं देणं?"

वही काउंटरवरच, तेलाच्या डब्याला टेकलेली.
पान सत्तेचाळीस, हर्षल मोरेश्वर उरकुडे:
साखर, खोबरेल, आईची बीपीची गोळी,
रिचार्ज, रिचार्ज, रिचार्ज.
चार हजार तीनशे चाळीस.
मी उधार देते ते माणूस बघून.
ज्याचं पान माझ्या वहीत, तो भरवशाचा.
हेच सांगायला तोंड उघडलं होतं,

तर साहेब म्हणाले,
"बाई, देणं असणं काही गुन्हा नाही.
लपवून ठेवलेलं देणं वाईट.
त्याच्यावर कोणी बी पाय देते,
अन् दाबलेला माणूस एक दिवस कुलूप उघडून देते."

मला माझा फोन आठवला.
उन्हाळ्यापासून एक बाई हिंदीतून बोलते त्यावर,
रात्री अकराच्या पुढे,
हर्षल आपका कौन लगता है?
त्यानं ॲपवर माझा नंबर दिलेला. तीन ॲप.
बहिणीच्या नर्सिंगची फी पहिल्यानं भरली,
पहिल्याची दुसऱ्यानं,
दुसऱ्याची तिसऱ्यानं.
मागच्या मंगळवारी तिनं एक फोटो पाठवला,
तोंड माझं, अंग दुसऱ्याच कोणाचं.
मी पुसून टाकला. बोलले नाही कोणाशी.
त्या रात्री तिनं काहीही मागितलं असतं
तर दिलं असतं मी.

"सांगा ना," साहेब म्हणाले.
परवा या, मी म्हटलं. वही सापडून नाही राहिली.
त्यांनी वहीकडे पाहिलं,
चहाचे दहा रुपये तिच्यावरच ठेवले.
"परवा," म्हणाले.

रात्री हर्षलला फोटोचं सांगितलं.
तो पिंपावर बसून राहिला,
बरणीतल्या गोळ्या मोजत असल्यासारखा.
मग म्हणाला, "मावशी, लिहिलं तर घेणार नाहीत मले."
नाही लिहिलं तर ती बाई घेईन तुले.

कोरा फॉर्म होता एक.
तीन ॲप. आईच्या नावानं बचत गटाचे आठ हजार.
मोटरसायकलचे थकलेले दोन हप्ते.
रकाना बोटभर, पुरवणी जोडावी लागली.
शेवटी पेन थांबवून विचारलं,
"तुह्ये बी लिहू?"
लिही ना. आकड्यात अन् अक्षरी.

दोन पानं, तीन प्रती. बारा रुपये.
ते मी सवयीनं पान सत्तेचाळीसवर चढवले,
चार हजार तीनशे बावन्न,
आणि फॉर्मवरचा आकडा तेवढ्यात खोटा पडला.
मुळावर आणि तिन्ही प्रतींवर
त्यानं खोडून, नवा आकडा घालून, बाजूला सही केली.

घेतील की नाही, मला काय माहीत.
अकरा वाजत आले होते.
मशीन बंद केलं
आणि फोन आज त्याच्या हातात दिला.