सोंड नाही

आधी पंखांवर विश्वास ठेवला, तिथेच चुकले.
राखाडी, कडेला मिठासारखी किनार:
असे पाच-सहा माझ्या पेटीत होतेच,
हाही त्यांच्यात टाचून टाकला
आणि दोन वर्षं विसरले.

मग शिरा मोजल्या.
मागच्या पंखातली तिसरी आणि चौथी
पुस्तकाप्रमाणे एका देठातून फुटायला हवी.
इथे मुळापासूनच वेगळ्या,
न भांडता चूल वेगळी केलेल्या जावांसारख्या.

पोटाचं टोक कापून रात्रभर कॉस्टिकमध्ये.
सकाळी मांस विरघळलेलं, खवले सुटलेले,
उरलं ते कठीण तेवढंच:
दोन झडपा, मधे आकडा,
आकड्याचं टोक दुभागलेलं, जे इतर कुणालाच नाही.
दीड मिलिमीटरचं हे सामान
फुंकरीनेही जातं. एकदा गेलंय,
बेसिनपाशी भिंग घेऊन तासभर बसले होते.

वर्णनाला क्रियापदं लागत नाहीत.
कपाळ गुळगुळीत. डोळे मोठे.
नराच्या मिशा फणीसारख्या.
सोंड नाही.
इथे पेन थांबलं. म्हणजे हा काही खातच नाही.
अळी असताना पोटात गेलं
त्यावर चार रात्री काढतो.

'तो' लिहिलं, पतंग म्हणून.
रुजाय फर्नांडिस म्हणाली, ती पाकोळी.
शिरोड्याच्या मिठागरात पंपाच्या खोलीचा दिवा
तीच लावते, हे सगळे तिच्याच भिंतीवरचे.
पंपवाला दारातूनच म्हणाला, पाखरू ता.
लॅटिनलाही लिंग आधी ठरवून हवं,
नावाचं शेपूट त्यावर ठरतं.
चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून
मी तो, ती, ते यांच्यात अडकले.
प्रजातीच्या नावाची ओळ अजून कोरी.

"ह्येका नाव कित्याक व्हया?
मीठ ओढूक लागलव की येतत.
पाणी गोडा झाला की खंय जातत, द्येवाक ठावक."

हे कुठल्या रकान्यात घालू?
झडपांखाली बसत नाही, शिरांखालीही नाही.
तळाशी, बारीक टाइपात, एक ओळ दिली.

काल लेबलं लिहिली. नखाएवढा कागद,
शिरोडा, मिठागर, भिंत, तारीख,
गोळा करणार: रु. फर्नांडिस.
तिने माझं भिंग ओढून घेतलं.
"रु.? आख्खा लिवा."
जागा नव्हती.
तारीख पाठीमागे नेली.