सुटं मिळणार नाही

गुदैबियात, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या पायरीशी
इशाची नमाज सुटली की
लमदुआन घडीचं टेबल उघडते.
टेबलाचा एक पाय आखूड आहे,
त्याखालची लाकडी चकती
ती पिशवीतून सगळ्यात आधी काढते,
मग मोदकपात्राच्या जातीचं एक भांडं,
मग मानेवर टाकायला ओला टॉवेल.
एकवीस वर्षं.

मी मनामात आलो तेव्हा गल्लीच्या टोकाला
खाडीसारखा वास यायचा.
मग भराव पडला, भरावावर हॉटेलं आली,
समुद्र बघायला आता टॅक्सी करावी लागते.
चकती तीच आहे.

केळीच्या पानात बांधलेला भात विकते ती.
चिकट तांदूळ, नारळाचं दूध, काळ्या घेवड्याचे चार दाणे
आणि मधोमध अर्धं केळं,
आत जाताना पांढरं,
वाफ खाऊन गुलाबी.
पानं मल्याळी दुकानातली, दोरा शिंप्याचा.
दोन पुड्या, पोटाला पोट लावून
एकाच दोऱ्यात आवळलेल्या.

पहिल्या दिवशी मी म्हणालो, एकच दे.
"सिंगल नहीं, नायचांग."
नायचांग म्हणजे मिस्त्री,
माझ्या बॉयलर सूटवरून तिने ठेवलेलं नाव.
म्हटलं, मी एकटाच आहे गं बाई.
"सब आदमी अकेला," ती म्हणाली
आणि जोडी पिशवीत टाकली.
तेव्हा दोनशे फिल्स.

आमच्यात भात मोकळा लागतो.
गिचका झाला की आई पातेलं पाहुण्यांसमोर आणायचीच नाही.
आणि शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना,
ती या भाताची करून बघा:
एक शीत उचलायला जावं
तर अख्खी पुडी उठून येते.

दुसरी पुडी मी खोलीवर न्यायचो.
खालच्या बंकवर बशीर सारंग, हर्णैचा.
ऐंशी दिनारांवरून आमचं बोलणं बंद होतं;
कुणी कुणाला द्यायचे
हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं, उलटसुलट.
पुडी त्याच्या उशाशी ठेवायचो, न बोलता.
पहाटे पान धुऊन, घडी घालून
माझ्या डब्यावर ठेवलेलं असायचं, तेही न बोलता.
असे सात महिने.
मग एका रात्री अंधारात तो म्हणाला,
"नारल कमी परला आज."
मी म्हटलं, साखरही.
ऐंशी दिनारांचं पुढे काय झालं, खरंच आठवत नाही.

अलीकडे नारळाच्या दुधाच्या डब्याला
तिचा फोन टेकवलेला असतो.
पलीकडे उदोनमधली कुणी बाई, मुलगी असेल, भाची असेल,
मी कधी विचारलं नाही.
दोघी फारसं बोलत नाहीत.
ही इथे दोरा बांधते,
ती तिथे काहीतरी निवडत बसते,
मध्येच कोंबडा आरवतो, तिकडचा,
आणि रांगेतला पठाण दचकतो.

बशीर मागच्या मार्चात गेला, कायमचा.
त्या गुरुवारी मी अर्ध्या दिनाराची नोट पुढे केली,
म्हटलं, आता तरी एकच दे.
तिने कात्री उचलली.
मीच मागितलं होतं, तरी काळजात धस्स झालं.
तिने दोऱ्याचं लोंबतं टोक तेवढं कापलं
आणि जोडी कागदात गुंडाळली.
"एक अभी. एक सुबह."

पाच दहाच्या बसमध्ये मी ती दुसरी उघडतो.
गार झाल्यावर भात दातांखाली थोडा हट्टी होतो.
खाऊन झाल्यावर पान पुसतो, घडी घालतो,
आणि मग ते हातात धरून बसतो,
हिद्दचा पूल संपेपर्यंत.
शेवटी बॉयलर सूटच्या खिशात.
दुपारी पान्यासाठी हात घालावा
तर बोटांना ग्रीसच्याही वर
केळीचा वास.