रीडिंग

एकतीस वर्षं मी लोकांची फाटकं उघडली.
स्नेहलतागंज, तिलकनगर, परदेशीपुरा.
कानावर पेन्सिल, काखेत वही
आणि "मीटर!" अशी एकच हाक,
मराठी घरात मराठी वाटायची, हिंदी घरात हिंदी.

कुणाची बाग कशी, मला तोंडपाठ.
वागळ्यांकडे फ्लॉक्सचा वाफा,
फाल्गुनात तिथे रंगांची नुसती भांडणं;
सेठींचे गुलाब, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी;
बोळातल्या जमनाबाईंकडे डालड्याचा डबा
आणि त्यात झेंडू,
दिवाळीचा, होळीपर्यंत रेटत आणलेला.
आकडा लिहून झाला तरी मी उभा राहायचो
जरासा.
कुत्रं भुंकलं की निघायचो.

माझ्या दारात तेव्हा स्कूटर होती.
ती विकली, त्याच महिन्यात मी निवृत्त झालो.
फाटक ते पायरी, सहा बाय नऊ,
मधोमध तेलाचा डाग, काळ्या मातीहून काळा.
शशिकला म्हणाली,
"इथे काय उगवणार? पेट्रोल पंप?"

खणलं.
माळव्याची माती,
पावसाळ्यात बूट सोडत नाही,
ऊन चढलं की भेगा पाडून तोंड फिरवते.
कुदळीला लागला एक स्पार्क प्लग,
दोन गोट्या,
आणि मिलिंदचा कर्कटक.
तो हरवला म्हणून मी त्याला मारलं होतं, चौथीत.
धुतला. खिडकीत ठेवला.
पुण्याला फोन लावला सांगायला,
आणि झिनियाच्या बियांबद्दलच बोलत राहिलो.

खंडवा रोडवरून शेणखत आलं, रेती आली.
नर्सरीतला हुकुम कुशवाह म्हणाला,
"भिया, पानी रोज मत देना, देखके देना."
मला हे जमण्यासारखं होतं.
बघण्याचाच पगार घेत होतो मी.

नर्मदा एक दिवसाआड येते,
पहाटे पावणेसहाला. आधी नळ खोकतो,
मग थोडी हवा, मग गढूळ, मग ती.
दोन बादल्या घराच्या, अर्धी फुलांची
असं ठरलं होतं.
चैत्र लागेपर्यंत हिशेब उलटा झाला
आणि शशिकलेनेच तो उलटा केला.

काड्या खोचल्या त्या ऑफिस टाइमच्या.
बरोबर दहाला उघडतात.
आमच्या ऑफिसात इतक्या वेळेवर
कुलूपसुद्धा उघडलं नाही कधी.
रंगपंचमीला भिंतीपलीकडून पोरांनी पिचकाऱ्या मारल्या,
झिनियाची पानं जांभळी.
एकेक पान मगाने धुतलं मी,
एका रोपाला मात्र ठेवला तसाच रंग.
का, ते सांगता येणार नाही.

तेलाच्या डागावर काहीच आलं नाही.
पहिल्या वर्षीही नाही, दुसऱ्याही.
तिथे आता आम्ही खुर्ची ठेवतो.

मधुमालती मीटरपाशी लावली होती.
यंदा ती पेटीवर चढली, पेटी दिसेनाशी झाली.
संध्याकाळी फूल पांढरं,
सकाळी गुलाबी,
दुसऱ्या दिवशी लाल.
एकाच देठाची तीन रीडिंग,
मी वहीत लिहितो. जुनी सवय,
आणि वहीसुद्धा खात्याचीच.

काल मीटरवाली आली.
तरुण पोरगी, हेल्मेट डोक्यावरच,
हातात मोबाईल, फोटो काढायचा आणि पुढे.
म्हणाली, "अंकल, बेल छाँट दो, मीटर नहीं दिखता."
हे वाक्य माझं.
जमनाबाई सोडून सगळ्यांना म्हटलेलं.

मी वेल दोन्ही हातांनी बाजूला धरली.
तिने फोटो काढला.
वेल तशीच धरून मी विचारलं,
"किती झालं?"
तिने आकडा सांगितला.
मग मोबाईल खिशात टाकला
आणि फाटकात उभी राहिली

जराशी.

आमच्याकडे कुत्रं नाही.