चोवीसातले चार

बूट फ्रिजच्या मागे ठेवते, कॉम्प्रेसरच्या उबेला.
बुटात मोजे, मोज्यांत परवाचा पेपर.
पहाटे बोळे काढले तर टाचेवर
उलटी अक्षरं उमटलेली:
नालेसफाई पूर्ण.

अंगठ्याचं नख आषाढात काळं पडलं, श्रावणात सुटलं.
शर्वाणी म्हणाली, ई आई, फेक ते.
फेकलं.
लगेच नाही.

दिवसभर मी लोकांना सांगते, मूठ आवळा.
शीर सापडली की सांगते, सोडा.
रोज साठ-सत्तर हात.
आणि साडेचारला हायवेवर
माझ्याच मुठी मला सोडवत नाहीत.
हुले सर मागून ओरडतात,
"खोपकर बाई, स्टिअरिंग सोडा!"
छत्तीस वर्षं बस चालवली त्यांनी.
धावणं म्हणजे डेपो ते डेपो, म्हणतात,
वेळेआधी पोचायचं नाही
आणि मध्ये बंद पडायचं नाही.

मी पडले बंद. दहा दिवस. ताप.
लॅबमधल्या नव्या मुलीनं दोनदा टोचलं,
सॉरी मॅडम, सॉरी मॅडम,
मी म्हटलं, शीर पळते गं माझी,
आणि दोघी हसलो.
अकराव्या दिवशी तीन किलोमीटर,
तेही मिठागर रोडवर चालत-धावत,
दूधवाला सायकलवरून विचारतो, काय ताई, बस चुकली?

मग हा रविवार. वहीत चोवीस लिहिलेले.
ऐरोलीचा फाटा, भांडुप, कांजूर,
पाऊस आडवा, डोळ्यांत मिठासारखा,
टँकर जाताना कंबरेपर्यंत एक चिखलाची लाट
आणि लाटेमागून ड्रायव्हरचा हात, माफी की टाटा, कळलं नाही.
छेडानगरच्या अलीकडे पाणी तुंबलेलं.
सर म्हणाले, वळा. बसही वळवतात.
वळलो.
गेटाशी आले तेव्हा वीस.
वर कडाड वाजलं, सर रिक्षात बसून गेले,
जाताना म्हणाले, वीस म्हणजे वीस, पुष्कळ झाले.

झाले असते.
पण लिफ्टचं बटण दाबायला बोट उचललं
आणि ते बोट वहीतल्या चोवीसावर गेलं.

आमच्या पार्किंगची एक फेरी एकशेवीस मीटर.
खांब, खांब, देसाईंची झाकलेली गाडी,
मीटरची खोली, मोडका झोपाळा, खांब.
घड्याळाला छपराखाली आकाश सापडेना,
ते वीसावरच अडून बसलं.
मग पाष्टे वॉचमननी पाहुण्यांचं रजिस्टर उघडलं.
काही विचारलं नाही. पेन कानावरून काढलं.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.

सहाव्या फेरीला मांडी आखडली.
अकराव्याला देसाई छत्री घेऊन उतरले,
म्हणाले, काही हरवलंय का?
अठराव्याला मी मनात सगळ्यांना शिव्या दिल्या,
सरांना, वहीला, जानेवारी महिन्याला.
एकविसाव्याला कुणालाच नाही.
मग फक्त ओल्या बुटांचा पचक पचक
आणि दर फेरीला पाष्ट्यांचं हळूच,
"हां."

तेहतिसाव्याला ते म्हणाले, झालं की.
मी म्हटलं, चाळीस मीटर राहिलेत.
ते उठले,
देसाईंच्या गाडीपर्यंत पावलं मोजत गेले,
आणि तिथं उभे राहिले,
एक हात पुढं करून,
बस थांबवतात तसा.

रजिस्टरमध्ये माझी ओळ आहे अजून.
नाव: खोपकर. फ्लॅट: ६०३.
कोणाकडे: रिकामं.
कशासाठी: रेघाच रेघा.
आत: आठ वाजून दहा.
बाहेरचा रकाना मी भरू दिला नाही.

लिफ्टमधून उतरले तेव्हा जिन्याच्या खिडकीत
कडक ऊन पडलं होतं,
आणि माझी मूठ
किल्लीसाठी उघडायला
मला डाव्या हाताची मदत घ्यावी लागली.